वाचकांचे प्रश्न : लोखंडाऐवजी वीज

गेल्या महिन्यात या सदरात मी विद्युत-उत्प्रेरणाबद्दल जेमतेम पानभर लिहिलं होतं. भट्टीची उष्णता आणि प्रचंड दाब यांच्याऐवजी वीज आणि योग्य धातूचा पृष्ठभाग वापरून रसायनं कशी बनवता येतात, एवढाच त्याचा विषय होता. त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. माझी अठ्ठावीस वर्षं रंग आणि औषधांसाठी लागणारी इंटरमीजिएट (मधल्या टप्प्यातली रसायनं) बनवणाऱ्या कारखान्यांत गेली. त्यामुळे या पत्रांतली काळजीही ओळखीची वाटली आणि आशाही. पाच पत्रं घेतली आहेत. लांब होती ती थोडक्यात दिली आहेत.

आमचं गाव एका रासायनिक वसाहतीला लागून आहे. मुलगा म्हणतो, आता विजेवर रसायनं बनणार, धूर नाही आणि घाण नाही. आम्ही तीस वर्षं नाल्याचं पाणी बघतोय. यावर विश्वास ठेवायचा का?
– एक वाचक, जि. रत्नागिरी

तुमचा मुलगा अर्धं बरोबर सांगतोय. कोणतं अर्धं, ते माझ्या पहिल्या नोकरीपासून सांगते.

साल १९८४. रायगड जिल्ह्यातला एक मध्यम कारखाना. तिथे पॅराअमिनोफिनॉल बनायचं. त्यापासून पुढे पॅरासिटामॉल होतं, म्हणजे आपल्या घरातली तापाची गोळी. बायकांना तेव्हा कायद्याने रात्रपाळी नव्हती, म्हणून मी कायम दिवसपाळीला. पद्धत फ्रान्सच्या बेशाँ यांनी १८५४ साली शोधलेली. नायट्रो गट असलेलं रसायन घ्यायचं, त्यात पाणी, थोडं आम्ल आणि बिडाचा चुरा घालायचा, वाफ सोडायची आणि ढवळत राहायचं. लोखंड गंजतं, नायट्रो गटातला ऑक्सिजन जाऊन हायड्रोजन येतो, म्हणजे नायट्रोचा अमिनो होतो. रसायनशास्त्रात याला क्षपण म्हणतात. चुरा एकदम ओतायचा नाही, फावडं फावडं टाकायचा, नाहीतर बॅच उसळते. आमचे जुने ऑपरेटर ढवळणीच्या आवाजावरून सांगायचे, "मॅडम, लोखंड तळाला बसलं."

बॅच संपली की फिल्टर प्रेस उघडायचा. प्लेटांच्या मध्ये काळा, गरम, चकाकणारा चिखल घट्ट बसलेला असायचा. दोन माणसं तो कापडावरून खरवडून ट्रॉलीत पाडायची. हिशेब मांडला तर एक टन मालामागे सुमारे १.१५ टन लोखंड जातं आणि कोरडा धरला तरी जवळपास १.६ टन गाळ निघतो. ओला तोलला तर आणखी. म्हणजे आमचा कारखाना औषधाच्या कच्च्या मालापेक्षा गाळच जास्त बनवत होता. गाळ निव्वळ लोखंडाचा असता तरी एक वेळ चाललं असतं, पण त्यात अमाइनचे (अमिनो गट असलेल्या रसायनांचे) अंश चिकटलेले असतात आणि ते पाण्यात उतरतात.

हा गाळ मागच्या कुंपणापाशी साठवलेला असायचा. त्या वर्षी जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात ढिगाची एक कड ढासळली आणि ओघळ कुंपणाखालून नाल्याला लागला. काळा गाळ उघड्यावर पडला की तांबडा व्हायला लागतो. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या वाडीतल्या एक आजी बादली घेऊन गेटवर आल्या. वॉचमनने मला बोलावलं. बादलीत कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "बाय, ह्यां म्हशीक पाजू काय?" मी नको म्हटलं. मग त्यांनी विचारलं की पाजू नको तर पाणी आणू कुठून. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. कारखान्याने आठवडाभर टँकर पाठवला, ढिगाला बांध घातला, आणि बिडाचा चुरा पूर्वीसारखाच येत राहिला.

आता विजेकडे येते. त्या बॅचमध्ये लोखंडाचं खरं काम काय होतं? नायट्रो गटाला इलेक्ट्रॉन पुरवणं. लोखंड म्हणजे इलेक्ट्रॉनांनी भरलेलं पोतं समजा. इलेक्ट्रॉन काढून घेतले की जे रिकामं पोतं उरतं, तोच तो गाळ. विजेच्या तारेतून हेच इलेक्ट्रॉन पोत्याशिवाय येतात. ऋणाग्राच्या (विजेच्या ऋण टोकाच्या) पृष्ठभागावर ते नायट्रो गटाला मिळतात, लागणारा हायड्रोजन पाण्यातून येतो, समोरच्या धनाग्रावर (धन टोकावर) ऑक्सिजन सुटतो. फिल्टर प्रेसमधून खरवडायला काही उरत नाही.

यात एक खुबी आहे. नायट्रोबेंझीनला सहा इलेक्ट्रॉन दिले तर ॲनिलीन होतं. चारच देऊन आम्लात थांबवता आलं तर मधला पदार्थ आपल्याआपण फिरतो आणि पॅराअमिनोफिनॉल होतं. चारवर थांबायचं की सहापर्यंत जायचं, हे ऋणाग्राचा धातू, व्होल्टेज आणि आम्लाचं प्रमाण मिळून ठरवतात. नुसत्या विजेला ही अक्कल नसते, ती पृष्ठभागाला असते. विद्युत-उत्प्रेरण म्हणतात ते हेच. विजेचा खर्चही काढून बघा. चार इलेक्ट्रॉनांच्या वाटेने एक किलो माल करायला फॅरडेच्या नियमाने ९८२ अँपिअर-तास लागतात. सेल (ही दोन टोकं द्रावणात बुडवलेली पेटी) चार व्होल्टवर चालली आणि काहीच वाया गेलं नाही, तर साधारण चार युनिट. आपल्याकडे किलोला चार युनिट वीज परवडू शकते, दीड किलो गाळाची विल्हेवाट खरं तर परवडत नाही. ती आजवर परवडली, कारण तिचा खर्च नाल्याकाठच्या लोकांनी भरला.

मुलगा चुकतो ते पुढच्या अर्ध्यात. नायट्रो गट मुळात बसवावा लागतो, त्यासाठी नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्ल लागतं, आणि त्याचं धुणं निघतंच. मालाच्या धुण्याचं पाणी, क्षारांचं पाणी, सॉल्व्हंटची वाफ, यातलं काहीही ऋणाग्र बदलल्याने थांबत नाही. ईटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प) नीट चालवावाच लागतो. शिवाय मोठ्या कारखान्यांनी लोखंड आधीच सोडलंय. ते दाबाखालचा हायड्रोजन आणि निकेल किंवा पॅलेडियमचा उत्प्रेरक वापरतात. ज्यांना दाबाची भांडी परवडत नाहीत अशा छोट्या युनिटांत लोखंड टिकून आहे, आणि विजेच्या सेलचा खरा उपयोग तिथेच दिसतो मला. तेव्हा मुलाला सांगा, एक घाण नक्की जाईल, आणि ती मोठी आहे. बाकीच्या घाणींसाठी तुमची तक्रार चालूच ठेवा.

पुस्तकात पाण्याचं विघटन १.२३ व्होल्टला होतं असं दिलंय. सरांनी दीड व्होल्टचा सेल आणि पेन्सिलीची शिसं लावून दाखवलं, पण बुडबुडे जवळजवळ आलेच नाहीत. पुस्तक चुकलं की प्रयोग?
– बारावी विज्ञान, अकोला

दोन्ही बरोबर आहेत, आणि तुझा प्रश्न या सगळ्या विषयाचा गाभा आहे. तो विचारलास याचा मला मनापासून आनंद झाला.

१.२३ व्होल्ट हा डोंगराच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंतच्या उंचीचा आकडा आहे. मधल्या वाटेवर किती काटे आणि किती खिंडी आहेत, ते तो सांगत नाही. पाण्याच्या रेणूला पृष्ठभागावर चिकटावं लागतं, एकेक बंध सोडावा लागतो, दोन ऑक्सिजन अणूंना जोडी जमवावी लागते, आणि मग सुटावं लागतं. ऑक्सिजनच्या बाजूला हे चार इलेक्ट्रॉनांचं काम आहे आणि फार रेंगाळतं. ते पुढे ढकलायला जे जास्तीचं व्होल्टेज लागतं त्याला अतिविभव म्हणतात. पेन्सिलीच्या ग्रॅफाइटवर अतिविभव मोठं, म्हणून दीड व्होल्टवर काही दिसलं नाही. उत्प्रेरक डोंगराची उंची कमी करत नाही, बरी वाट काढून देतो.

घरी करून बघ. पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा विरघळव, दोन सेल एकापुढे एक जोडून तीन व्होल्ट घे. आधी पेन्सिलीची शिसं बुडव, मग तेवढ्याच अंतरावर, तेवढीच बुडतील असे दोन साधे लोखंडी खिळे. ऋण टोकाकडे नीट बघ. कार्बनपेक्षा लोखंडावर हायड्रोजन सोपा सुटतो. व्होल्टेज तेच, पाणी तेच, बदलला फक्त पृष्ठभाग. मीठ मात्र वापरू नकोस, त्यातून क्लोरीन सुटतो. खिडकी उघडी ठेव.

मीठ निघालंच आहे तर त्याची गोष्ट सांगते, कारण विद्युत-उत्प्रेरणाने उद्योगात केलेलं सगळ्यात मोठं काम मिठाच्या पाण्यातलं आहे. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की क्लोरीन, कॉस्टिक सोडा आणि हायड्रोजन मिळतो. साबण, कागद, ॲल्युमिनियम, पीव्हीसीचे पाइप, पाण्याचं निर्जंतुकीकरण, सगळ्यांच्या मुळाशी हे आहे. मी मुंबईत शिकत असताना सुट्टीतल्या ट्रेनिंगला ठाणे जिल्ह्यातल्या एका जुन्या सेल हाऊसमध्ये गेले होते. लांबलचक, किंचित उतरत्या पेट्या, तळाशी वाहणारा पारा, वर ग्रॅफाइटची धनाग्रं. बसबारमधून (धातूच्या जाड पट्ट्यांतून) इतका करंट जायचा की लोखंडी पाना हातात धरला तर कोणीतरी तो हलकेच ओढतंय असं वाटायचं. मनगटी घड्याळ गेटवरच काढून ठेवायला लावायचे.

तिथे एका फिटरकाकांचं दिवसभराचं काम एकच. ग्रॅफाइट झिजायचं, पाऱ्यापासूनचं अंतर वाढायचं, की व्होल्टेज चढायचं. मग काका धनाग्राचा स्क्रू पाव फेरा खाली घ्यायचे, मीटरकडे बघायचे, पुन्हा किंचित फिरवायचे. जास्त खाली गेलं तर शॉर्ट. त्यांच्या बोटांना मिलिमीटरचा अंश कळायचा. ते मला म्हणाले होते, "पोरी, इथं व्होल्ट म्हणजे पैसा." तेव्हा ते वाक्य मला कळलं नव्हतं. आता आकडे मांडते. एक टन कॉस्टिकला सेलमधून ६७० किलोअँपिअर-तास वीज जाते. म्हणजे व्होल्टेज ०.१ व्होल्टने उतरलं तर टनामागे ६७ युनिट वाचतात. रोज शंभर टन बनवणाऱ्या कारखान्यात दिवसाला ६,७०० युनिट.

हे ग्रॅफाइट घालवलं ते हेन्री बीअर या संशोधकांनी. टायटॅनियमच्या जाळीवर रुथेनियम ऑक्साइडचा काही मायक्रॉनचा थर द्यायचा, ही त्यांची १९६० च्या दशकातली कल्पना. इटलीच्या डी नोरा कंपनीने ती जगभर नेली. हे धनाग्र झिजून आकार बदलत नाही, व्होल्टेजही कमी घेतं, आणि वर्षानुवर्षं टिकतं. आणि बघ, गणिताने पाहिलं तर मिठाच्या पाण्यात आधी ऑक्सिजन सुटायला हवा, कारण त्याला १.२३ लागतात आणि क्लोरीनला १.३६. तरी क्लोरीनच येतो. ऑक्सिजनची वाट चार इलेक्ट्रॉनांची आणि खडतर, क्लोरीनची दोनाची आणि सोपी. या पृष्ठभागावर क्लोरीन इतका पुढे निघून जातो की ऑक्सिजन मागेच राहतो. पुस्तकातला १.२३ हा आकडा एवढ्या कारणाने कारखान्यात हरतो.

पुढे पाराही गेला. मिनामाता गावात पाऱ्याने लोकांना झालेल्या विषबाधेनंतर जपानने पाऱ्याच्या सेल मोडीत काढायला घेतल्या (मिनामातातला पारा ॲसिटाल्डिहाइडच्या कारखान्यातला होता, तरी धडा सगळ्याच पाऱ्याला लागू पडला) आणि मेम्ब्रेनच्या (पातळ पडद्याच्या) सेल आल्या. आज त्या सुमारे तीन व्होल्टवर चालतात. किमान लागणारा आकडा २.२ च्या आसपास आहे. मधल्या आठ दशांशांवर अजून काम चालू आहे. तुला रस असेल तर या आठ दशांशांत एक आयुष्य सहज जाईल.

आमच्या तालुक्यात थळचा खतकारखाना आहे, तो नैसर्गिक वायूवर चालतो. वाचलं की आता वीज आणि पाण्यापासून 'हरित' युरिया होईल. गोणी स्वस्त होईल का?
– एक शेतकरी, ता. अलिबाग

दादा, नजीकच्या काळात स्वस्त होणार नाही. विजेपासून खत ही गोष्ट मात्र नवी नाही, आपल्याच देशात ती होऊन गेली आहे.

खताचं मूळ अमोनिया, आणि अमोनियासाठी हवेतला नायट्रोजन आणि कुठून तरी हायड्रोजन लागतो. थळला तो हायड्रोजन नैसर्गिक वायू फोडून मिळतो. पंजाबात नंगलला १९६१ साली जो कारखाना सुरू झाला, तिथे भाक्राच्या धरणाची वीज पाण्यात सोडून हायड्रोजन काढत आणि त्यापासून खत बनवत. त्याआधी नॉर्वेत रुकान गावी धबधब्याच्या विजेवर हेच चालायचं. दोन्हीकडे वीज पाण्याची होती, मुबलक होती, म्हणून जमलं. पुढे नंगलच्या त्याच विजेला शेतीपंपांपासून शहरांपर्यंत शंभर गिऱ्हाइकं झाली, आणि कारखाना तेलावर आणि नंतर वायूवर गेला. हे मी मुद्दाम सांगते. तंत्र होतं, यंत्रंही चालत होती, वीज दुसरीकडे जास्त हवी होती म्हणून ते थांबलं.

तुमच्या गोणीचा हिशेब करू. ४५ किलोच्या गोणीत जेवढा युरिया, त्याला साडेपंचवीस किलो अमोनिया लागतो, त्यात साडेचार किलो हायड्रोजन. एक किलो हायड्रोजनला आजच्या यंत्रांवर ५० ते ५५ युनिट वीज जाते. म्हणजे एका गोणीला फक्त हायड्रोजनसाठी सव्वादोनशे ते अडीचशे युनिट. सौर वीज तीन रुपयांनी धरली तरी सातशे रुपयांच्या आसपास नुसती वीज झाली. तुम्ही गोणी २४२ रुपयांना घेता, वर नीमलेपन आणि कर. खरा खर्च त्याहून कितीतरी मोठा असतो, फरक सरकार भरतं. त्यामुळे विजेचं खत आलं तर पहिला प्रश्न तुमच्या खिशाचा नसून अनुदानाचा असेल.

दुसरी एक अडचण वर्तमानपत्रात फार क्वचित येते. युरियात कार्बनही असतो. एक टन युरियाला सुमारे पाऊण टन कार्बन डायऑक्साइड लागतो. वायूच्या कारखान्यात तो हायड्रोजन काढतानाच आयता मिळतो. पाण्यातून हायड्रोजन काढला तर तो मिळत नाही, दुसरीकडून आणावा लागतो. म्हणून विजेवर अमोनिया आणि अमोनियम नायट्रेटसारखी खतं करणं सोपं आहे, युरिया अवघड.

आणि वीज कोणती, हे तर विचारलंच पाहिजे. वायूपासून एक किलो हायड्रोजन काढताना नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. आपल्या ग्रिडच्या विजेत अजून कोळसा इतका आहे की युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास सुटतो. त्या विजेवर एक किलो हायड्रोजन केला तर ३५ किलोच्या वर जातो, म्हणजे वायूच्या तिप्पट-चौपट. हरित शब्द लावायचा तर वीज सूर्याची किंवा वाऱ्याचीच हवी, आणि ती इलेक्ट्रोलायझर (विजेने पाणी फोडणारं यंत्र) चालू असण्याच्या वेळेलाच यायला हवी. सरकारने जानेवारी २०२३ मध्ये हरित हायड्रोजन अभियान मंजूर केलं, त्यात २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं लक्ष्य आहे. लक्ष्य चांगलं आहे. मोजायचं मात्र या पद्धतीने.

नायट्रोजन आणि पाण्यापासून थेट एकाच सेलमध्ये अमोनिया करता येईल का, असंही तुम्ही मूळ पत्रात पुढे विचारलंय. प्रयोगशाळेत लिथियम वापरून नायट्रोजनचा अमोनिया होतो, पण पाण्यात नाही, सेंद्रिय द्रावकात, आणि वीज फार खातो. या क्षेत्रात बरेच जण फसले आहेत, कारण अमोनिया सगळीकडे असतो: हवेत, श्वासात, हातमोज्यात. सेलमध्ये सापडलेला अमोनिया खरंच नायट्रोजनपासून झाला की बाहेरून आला, हे ठरवायला नायट्रोजन-१५ (नायट्रोजनचा जड अणू) वापरून तपासावं लागतं. तो पुरावा नसलेली बातमी वाचली तर बियाणं-खताचं नियोजन बदलू नका.

इचलकरंजीत आमचं कापडाचं प्रोसेस हाऊस आहे. ब्लीचिंगला हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं, ते टँकरने येतं. हे आवारात विजेवर बनवता येईल का?

इथे घेतलेल्या पाच पत्रांत लवकरात लवकर प्रत्यक्षात येऊ शकेल असं काम तुमचंच आहे.

पेरॉक्साइड आज अँथ्राक्विनोन या सेंद्रिय संयुगाच्या मदतीने बनतं. ती पद्धत फक्त मोठ्या कारखान्यात परवडते, म्हणून माल तीव्र करून लांबवर पाठवतात आणि तुम्ही आल्यावर पाणी घालून विरळ करता. तीव्र करायला ऊर्जा, वाहतुकीला डिझेल, साठवणीला धोका, आणि शेवटी बाथमध्ये काही ग्रॅम प्रतिलिटर. विजेची वाट सरळ विरळ द्रावणच बनवते. हवेतला ऑक्सिजन ऋणाग्रावर घ्यायचा आणि त्याला दोनच इलेक्ट्रॉन द्यायचे. प्लॅटिनम लावलं तर चार घेऊन त्याचं पाणी होतं. योग्य कार्बन लावला तर तो दोनवर थांबतो आणि पेरॉक्साइड मिळतं. इथे स्वस्त कार्बन महागड्या प्लॅटिनमपेक्षा सरस ठरतो.

तुमच्यासाठी दुधात साखर अशी की हे कार्बन-ऋणाग्र अल्कधर्मी पाण्यात छान चालतं, आणि सुती कापडाचं ब्लीचिंगही कॉस्टिक घालून अल्कधर्मीच करतात. कागदाच्या लगद्यासाठी याच तत्त्वावरची ह्युरॉन-डाऊ पद्धत परदेशात वापरात आलेली आहे. विजेचा हिशेब : एक किलो पेरॉक्साइडला १,५७६ अँपिअर-तास. दोन व्होल्टवर सुमारे ३.१५ युनिट, गळती धरून चार-साडेचार धरा.

पैसे गुंतवण्याआधी तीन गोष्टी विक्रेत्याकडून लेखी घ्या. तुमच्याच बोअरच्या पाण्यावर ऋणाग्र किती तास टिकतं. (कॅल्शियम-मॅग्नेशियम अल्कधर्मी ऋणाग्रावर चुन्यासारखं बसतं आणि छिद्रं बुजवतं, तेव्हा सॉफ्टनर आधी, सेल नंतर.) द्रावणात लोह-तांब्याचे अंश किती, कारण ते पेरॉक्साइड फोडतात आणि कापडाला भोकं पाडतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि कॉस्टिकचं पेरॉक्साइडशी प्रमाण तुमच्या रेसिपीला जुळतं का. बऱ्याचदा कॉस्टिक जास्त होतं. एका जिगरवर (कापड धुण्या-रंगवण्याच्या यंत्रावर) महिनाभर चालवून बघा. सगळी लाइन एकदम बदलू नका.

मी गोव्यात एम.एस्सी. करते. कार्बन डायऑक्साइडपासून विजेने इथिलीन (प्लॅस्टिकचा कच्चा माल) करण्यावर प्रकल्प घ्यावा का? सर म्हणतात, यात फार गर्दी झाली आहे.

घे. गर्दी आहे हे खरं, पण बरीचशी गर्दी एकाच दारात आहे.

जपानच्या चिबा विद्यापीठात योशिओ होरी यांनी १९८० च्या दशकात एकेक धातू घेऊन तपासले. चांदी-सोन्यावर कार्बन मोनॉक्साइड, कथील-शिशावर फॉर्मेट (फॉर्मिक आम्लाचा क्षार), लोखंड-निकेलवर बहुतेक नुसता हायड्रोजन. एकट्या तांब्यावर मिथेन आणि इथिलीन. तेव्हापासून सगळे तांब्याचे नवनवे आकार करत आहेत आणि निवडक्षमतेचे (हवा तोच पदार्थ मिळण्याचे) टक्के वाढवत आहेत.

मला वाटतं तू दुसऱ्या दारातून जावंस. इथिलीनचा एक रेणू होताना दोन कार्बन डायऑक्साइड वापरले जातात आणि बारा हायड्रॉक्साइड तयार होतात. ते बारा आणखी सहा कार्बन डायऑक्साइड गिळून कार्बोनेट होतात. म्हणजे आत सोडलेल्या आठांपैकी दोनच कामी आले. तांबं कितीही सुंदर असलं तरी पंचवीस टक्क्यांच्या वर जाता येत नाही, आणि उरलेला वायू कार्बोनेटातून सोडवायला पुन्हा ऊर्जा. आम्लधर्मी द्रावणात हे टाळता येतं, पण तिथे हायड्रोजन पुढे घुसतो. त्याला पृष्ठभागाजवळ कसं अडवायचं, हा प्रश्न मोकळा आहे.

यासाठी एक जुनं उदाहरण वाच. मोन्सँटो कंपनीत मॅन्युएल बेझर यांनी ॲक्रिलोनायट्राइलचे दोन रेणू विजेने जोडून ॲडिपोनायट्राइल केलं, नायलॉनचा कच्चा माल. १९६५ पासून अमेरिकेत अलाबामातल्या डेकेटरला ते कारखान्यात बनू लागलं. त्यांचीही अडचण पाणीच होती. ऋणाग्राजवळ पाणी जास्त झालं की जोडी जमायच्या आत रेणूला हायड्रोजन मिळून नको तो पदार्थ व्हायचा. त्यांनी धातूशी झटापट केली नाही. द्रावणात मोठे, पाण्याला दूर ठेवणारे चतुर्थक अमोनियमचे क्षार घातले. ते ऋणाग्राला लागून थर धरतात आणि पाण्याला मागे रेटतात.

तुझ्या विभागात पोटेन्शिओस्टॅट (व्होल्टेज नेमकं धरून ठेवणारं यंत्र) असेल, गॅस क्रोमॅटोग्राफ (वायू वेगळे करून मोजणारं यंत्र) असेल तर उत्तम. तमिळनाडूत कराईकुडीला १९५३ पासून केंद्रीय विद्युतरासायनिक संशोधन संस्था आहे, सरांच्या पत्राने तिथे काही आठवडे मिळतात का बघ. आम्लधर्मी द्रावण, तांब्याची साधी पत्री, आणि तीन-चार वेगवेगळ्या लांबीच्या कार्बन-शेपट्यांचे चतुर्थक क्षार, इतक्यावर सुरुवात कर. पहिल्या आठवड्यात बहुधा फक्त हायड्रोजनच दिसेल. सामू, करंट आणि तास वहीत लिहून ठेव आणि मला कळव.